बास अँप : ओहम, वायर आणि बीची तार

प्रश्न : माझ्याकडे बास गिटारसाठी ५०० वॉटचं क्लास-डी हेड (स्पीकर नसलेला, वजनाला हलका अँप) आहे, मागे 'किमान ४ ओहम' लिहिलंय. सध्या त्याला ८ ओहमचं ४×१० कॅबिनेट (दहा इंची चार स्पीकरांची पेटी) आहे. आता ४ ओहमचं एक जुनं १×१५ स्वस्तात मिळतंय. दोन्ही एकदम लावता येतील का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, हा सौदा सोडून द्या. हेडच्या मागचे दोन्ही आउटपुट आतून समांतर जोडलेले असतात, त्यामुळे दोन कॅबिनेट लावली की ओहम, म्हणजे करंटला होणारा रोध, वाढत नाहीत, कमी होतात. ८ आणि ४ यांचा गुणाकार ३२, बेरीज १२. भागाकार साधारण २.७ ओहम. एका कॅबिनेटमधून दुसऱ्यात वायर नेली तरी हिशेब तोच. एवढ्या कमी ओहमवर हेडमधून झेपेल त्याहून जास्त करंट ओढला जातो. सुदैवाने प्रोटेक्शन असेल तर आवाज ऐन गाण्यात बंद पडतो, नसेल तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातात. शिवाय व्होल्टेज दोघांना सारखंच मिळत असल्यामुळे ४ ओहमचं कॅबिनेट ८ ओहमच्या दुप्पट वॉट खातं. म्हणजे दोन-तृतीयांश ताकद त्या एकट्या पंधरा इंचीवर.

८ ओहमचंच दुसरं बघा, शक्यतो आहे तेच मॉडेल. दोन आठ मिळून चार होतात, आणि तुमच्या हेडचे ५०० वॉट बहुधा ४ ओहमवरच मोजलेले आहेत. एकट्या ८ ओहमवर त्यातले निम्म्याहून थोडे जास्तच बाहेर पडतात. नुसते वॉट दुप्पट केले तर ३ डेसिबल मिळतात. सारखं दुसरं कॅबिनेट जोडलं तर कोन (हवा ढकलणारे स्पीकरचे पडदे) दुप्पट होतात आणि खालच्या स्वरांत ६ डेसिबलपर्यंत फरक पडतो. दोन्ही एकावर एक रचा. शेजारी-शेजारी ठेवली तर स्टेजच्या कडेला उभ्या असलेल्याला वरचे काही स्वर ऐकूच येत नाहीत.

जुनं घेताना मल्टिमीटर बरोबर न्या. मीटर डीसी रोध दाखवतो, त्यामुळे चांगलं ८ ओहमचं कॅबिनेट साधारण ५.५ ते ७ दाखवतं आणि ४ ओहमचं ३ ते ३.५. चार स्पीकरच्या ८ ओहमच्या कॅबिनेटवर ९ ते १२ दिसले तर आतला एक स्पीकर मेलेला असण्याची दाट शक्यता आहे. विकणारा 'वाजतंय ना!' म्हणेल, आणि ते वाजतच असतं.

प्रश्न : हेड ते कॅबिनेट गिटारचीच वायर वापरतो. तासाभराने ती गरम लागते. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आजच बदला. ४ ओहमवर ५०० वॉट म्हणजे ११ अँपिअरच्या आसपास करंट. गिटारच्या वायरमधला गाभा त्यासाठी नसतोच. आवरण वितळून शॉर्ट झालं तर हेड जाईल. स्पीकरची दोन गाभ्यांची १.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या, पाच मीटरच्या पुढे २.५ ची. स्पीकॉनमध्ये (फिरवून लॉक होणारा स्पीकरचा प्लग) १+ आणि १– वरच जोडा आणि लावताना 'टक्' होईपर्यंत फिरवा. पाव इंची जॅक असेल तर हेड बंद करूनच ओढा. दोन्ही वायरी दिसायला सारख्या, म्हणून स्पीकरच्या वायरीला लाल टेप गुंडाळून ठेवा. उलटी गफलतही होते : स्पीकरची वायर गिटारला लावली की शील्ड (गाभ्याभोवतीची जाळी) नसल्यामुळे हम, म्हणजे सतत घुमणारा आवाज येतो.

प्रश्न : पाचतारी बासवर बीची (सगळ्यात खालच्या स्वराची) तार वाजवली की कॅबिनेट फडफडतं. बेसचा नॉब बराच वर आहे. स्पीकर गेला का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : आधी आवाज अगदी कमी करून तीच तार वाजवा. फडफड थांबली तर स्पीकर ठीक आहे, मागणीच जास्त होतेय. मोकळ्या बीचा मूळ स्वर ३१ हर्ट्झ, ईचा ४१. पोर्ट (हवेसाठी ठेवलेलं भोक) असलेल्या कॅबिनेटमध्ये पोर्ट ज्या स्वराला जुळवलेला असतो त्याच्याखाली हवा कोनला आवरत नाही, तो नुसताच आत-बाहेर झोके घेतो. त्यात बेस ६ डेसिबल वाढवला म्हणजे त्या पट्ट्यात चौपट वॉट मागितले.

नॉब मध्यावर आणा. हाय-पास फिल्टर (ठरावीक स्वराखालचं सगळं कापणारा) असेल तर ३५ ते ४० हर्ट्झवर लावा. हेडमध्ये नसेल तर त्याचं वेगळं पेडल मिळतं, आणि पाचतारीवाल्याने ते घ्यावंच. बी तशीही कानाला मुख्यतः ६२ हर्ट्झच्या वरच्या स्वरांमुळेच कळते, तेव्हा जाडी हवी असेल तर ८० ते १०० हर्ट्झ किंचित वाढवा.

कमी आवाजातही खरखर येत असेल तर शोध वेगळा. मोबाईल हेडला जोडून ३० ते २०० हर्ट्झचा स्वर हळूहळू चढवत सोडा आणि जाळी, हँडल, जॅकची पट्टी एकेक हाताने दाबून बघा. दाबल्यावर आवाज थांबला की चोर सापडला. स्पीकरचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळा, लाकूड चिरडेल इतके नाही. मग हेड बंद करून मधल्या टोपीच्या भोवती दोन्ही हातांची बोटं ठेवून कोन सरळ आत दाबा. घासल्यासारखं लागलं तर व्हॉइस कॉईल (कोनला हलवणारी तारेची गुंडाळी) घासतेय, रीकोनिंगला, म्हणजे कोन आणि कॉईल बदलून घ्यायला द्या.

प्रश्न : अमेरिकेहून भाचा ३०० वॉटचं ट्यूब हेड आणतोय, १२० व्होल्टचं. इथे कसं चालवायचं? – एक वाचक, पुणे

उत्तर : अँपेग या अमेरिकन कंपनीने १९६९ मध्ये एसव्हीटी हे ३०० वॉटचं ट्यूब हेड काढलं, तेव्हापासून या वर्गाच्या हेडचा दबदबा आहे, पण वजनही तसंच : हेडच पस्तीस किलोच्या वर जाऊ शकतं. २३० ते १२० चा स्टेप-डाऊन (व्होल्टेज उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर १५०० व्हीए क्षमतेचा घ्या, छोटा तापेल. काही हेडच्या आत २३० ची जोडणी असते. ती जाणत्या मेकॅनिककडून बदलून घेतली तर फ्यूजही साधारण निम्म्या अँपिअरचा, स्लो-ब्लो (क्षणभराचा झटका सोसणारा) लावावा लागतो. कॅबिनेट जोडल्याशिवाय ट्यूब हेड कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. मागचा ओहमचा स्विच कॅबिनेटशी जुळवा. तोच आवाज हवा असा हट्ट नसेल, तर भाच्याला तिथेच विकायला सांगून इथे तीन किलोचं क्लास-डी घेणं परवडतं.

प्रश्न : प्लगची अर्थची पिन काढली की हम जातो. काढून ठेवू का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. हेडमध्ये बिघाड झाला तर तारांवर थेट २३० व्होल्ट येतील, आणि तुमचे ओठ मिक्सरच्या माइकला लागलेले असतील. डीआयवरचा (हेडचा सिग्नल मिक्सरला देणारी जोडणी) ग्राउंड लिफ्ट दाबा, हेड आणि मिक्सर एकाच बोर्डवरून चालवा. तरीही हम राहिला तर हॉलचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.