ट्रेनर घेण्याआधी सायकलीचे मागचे चाक पाहा

प्रश्न : मी ४६ वर्षांचा असून कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. आठवड्यातून तीन-चार वेळा पहाटे साडेपाचला निघून खडकवासल्यापर्यंत सायकलीने जाऊन येतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र त्या वेळी मिट्ट काळोख असतो, रस्त्यावर डंपर भरधाव जात असतात आणि घरातून रोज विरोध होतो. म्हणून घरातच सायकल चालवता येईल असा ट्रेनर घ्यायचा विचार आहे. दुकानात नऊ हजारांपासून सत्तर हजारांपर्यंतचे ट्रेनर दाखवले, पण फरक नीट उमगला नाही. सायकल हायब्रीड (रोड आणि माउंटन बाइकच्या मधल्या प्रकारची) आहे, मागे आठ गिअर आणि डिस्क ब्रेक आहेत. खालच्या मजल्यावर वयस्कर दांपत्य राहते, त्यांची झोपमोड होऊ नये. कोणता ट्रेनर घ्यावा? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : ट्रेनर ज्या देशांत रुळला, तिथे हिवाळ्यात रस्ते बर्फाखाली जातात. आपल्याकडे जानेवारीतले पहाटेचे १०-१२ अंश तापमान हे खरे तर सायकलस्वाराचे सुख आहे. अडचण आहे ती सात वाजून गेल्यावर उगवणाऱ्या सूर्याची. त्यामुळे रविवारी उजाडल्यावर आपण बाहेरच जावे आणि ट्रेनर कामाच्या दिवसांपुरता ठेवावा, असे मी सुचवेन. जून ते सप्टेंबर या काळात तो हिवाळ्यापेक्षा जास्त वापरला जाईल, हेही किंमत ठरवताना हिशेबात धरावे.

किमतीतला मोठा फरक एका गोष्टीमुळे पडतो : मागचे चाक सायकलीलाच ठेवायचे की काढायचे. स्वस्त प्रकारात चाक जागेवर राहते, आस दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरला जातो आणि टायर एका रुळावर घासत फिरतो. महाग प्रकारात, ज्याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात, चाक काढून सायकल थेट ट्रेनरवर चढवतात. गिअरची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, ट्रेनरलाच बसवलेली असते आणि साखळी तिच्यावरून फिरते. म्हणून दुकानात परत जाण्याआधी घरी सायकल उलटी करून मागचा आस पाहावा. एका बाजूला उघडमीट करण्याचा छोटा दांडा असेल तर ते क्विक रिलीज, आणि बहुतेक ट्रेनर त्यासाठीच घडवलेले असतात. दोन्ही बाजूंना नट असतील किंवा आरपार जाणारा जाड थ्रू-अ‍ॅक्सल असेल, तर त्या मापाचा अ‍ॅडॅप्टर ट्रेनरसोबत मिळतो का, हे बिल करण्यापूर्वी विचारावे. आठ गिअरच्या सायकलीला बहुधा कॅसेटच असते, पण खात्री करून घ्यावी. कारण सात गिअरच्या स्वस्त सायकलींना हबवर आट्यांनी फिरवून बसवलेले फ्रीव्हील असते आणि ते डायरेक्ट ड्राइव्हवर बसतच नाही. आपली आठची कॅसेट ट्रेनरच्या ११ गिअरच्या बॉडीवर (कॅसेट जिच्यावर सरकवतात त्या नळीवर) बसवताना मागे १.८५ मिलिमीटरची एक कडी घालावी लागते. ही कडी विसरली की कॅसेट डुगडुगते, आणि गिऱ्हाईक गिअरला दोष देत बसते.

चाक न काढण्याच्या प्रकारात पेडल जड करणारा विरोध दोन तऱ्हांनी निर्माण केला जातो. एकात चुंबकाजवळून धातूची चकती फिरते, तिच्यात भोवरी प्रवाह उमटतात आणि ते तिला मागे ओढतात. विरोध कमी-जास्त करायला हँडलवर एक खटका असतो. दुसऱ्यात सिलिकॉनच्या द्रवात पाते फिरते, त्यामुळे वेग वाढवाल तसा विरोध आपोआप आणि झपाट्याने वाढतो. पायांना हा दुसरा प्रकार रस्त्याच्या जवळचा वाटतो, आवाजही थोडा कमी असतो. मात्र दोन्हींत टायर झिजतो, आणि आपल्या हायब्रीडच्या नक्षीदार टायरचा रुळावर भुंग्यासारखा घूं-घूं आवाज येतो. त्यासाठी ट्रेनरचा वेगळा टायर मिळतो, पण त्याचे रबर कडक असल्याने तो रस्त्यावर घसरतो. म्हणजे शनिवारी रात्री टायर बदला, रविवारी फिरून या, सोमवारी पुन्हा बदला. दोन आठवड्यांनी हे कोणी करत नाही.

‘स्मार्ट’ हा शब्द खोक्यावर दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. काही ट्रेनर आपला वेग आणि ताकद फोनला फक्त कळवतात. काही मात्र फोनकडून आज्ञा घेऊन विरोध स्वतः बदलतात, म्हणजे पडद्यावर चढ आला की पेडल जड होते. पैसे मोजायचे ते या दुसऱ्यासाठी. चढाची मर्यादाही पाहावी : साधे ट्रेनर ६-७ टक्क्यांवर थांबतात, मधले १६ टक्क्यांपर्यंत जातात. सिंहगडाच्या घाटाची तयारी करायची असेल तर हा आकडा महत्त्वाचा, फक्त तंदुरुस्ती टिकवायची असेल तर नाही. पडद्यावर रस्ता दाखवणाऱ्या अ‍ॅपपैकी झ्विफ्टला दरमहा वर्गणी पडते, मायवूश विनामूल्य आहे. सुरुवात दुसऱ्यापासून करायला हरकत नाही. ताकदीचे मोजमाप एक टक्का चुकते की अडीच टक्के, यावर दुकानदार बराच वेळ बोलेल. आपल्या गरजेला त्याने काडीचाही फरक पडत नाही.

आता खालच्या मजल्याचा प्रश्न, आणि माझ्या मते आपल्या निवडीचा निकाल इथेच लागतो. कानाला ऐकू येणारा आवाज वेगळा आणि स्लॅबमधून उतरणारी थरथर वेगळी. आपल्या खोलीत ट्रेनर शांत वाटला तरी खालच्यांना छतातून गिरणी चालल्यासारखी घरघर ऐकू येऊ शकते. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये टायर आणि रूळ हे घर्षणच नसल्याने दोन्ही त्रास बरेच कमी होतात. तरीही ट्रेनर खोलीच्या मध्यभागी ठेवू नये, कारण स्लॅब मध्यावर सर्वांत जास्त हलतो. भिंतीलगत, शक्यतो खांबाजवळच्या कोपऱ्यात ठेवावा. खाली जाड, दाट रबराची चटई घालावी. सतरंजी किंवा योगासनांची पातळ चटई उपयोगाची नाही. त्याहून चांगले हवे असेल तर प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये अर्धे कापलेले टेनिस बॉल ठेवून चौथरा करता येतो. आणि पहिल्याच दिवशी खाली जाऊन ‘काका, काही ऐकू येतं का?’ असे विचारून यावे.

पंख्याचे पैसे ट्रेनरच्या किमतीत आधीच धरावेत. शरीर खर्च करते त्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे आपण १५० वॉट ताकद लावत असाल तर सुमारे ४५० वॉटची शेगडीही पेटलेली असते. रस्त्यावर वारा ती विझवतो, खोलीत कोणी नाही. छताचा पंखा पुरत नाही, समोरून छातीवर झोत मारणारा उभा पंखा लागतो. घाम हँडलवर ठिबकतो, म्हणून त्यावर पंचा टाकावा आणि नंतर सायकल पुसावी. मी एका पावसाळ्यात हा आळस केला, तेव्हा स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे) बोल्ट इतके गंजले की अ‍ॅलन की आतच गोल फिरू लागली आणि शेवटी ते ड्रिलने काढावे लागले.

या सगळ्यावरून, आपल्या सायकलीला क्विक रिलीज आणि कॅसेट निघाली तर मधल्या किमतीचा, विरोध स्वतः बदलणारा डायरेक्ट ड्राइव्ह घ्यावा. तेवढे बजेट नसेल तर द्रवाचा साधा ट्रेनर आणि जुन्यात मिळाले तर एक जादा मागचे चाक घ्यावे. त्यावर ट्रेनरचा टायर कायमचा चढवून ठेवला की रविवारी टायर नव्हे, नुसते चाक बदलायचे. नऊ हजारांचा मात्र आपल्या घरी नको. डिस्क ब्रेकबद्दल एक सूचना : चाक काढलेले असताना ब्रेकची मूठ दाबू नये, विशेषतः ब्रेक हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) असतील तर. पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत आत जात नाही. चाक काढले की लगेच पॅडमधल्या फटीत प्लास्टिकची चिप सरकवावी; जाड पुठ्ठ्याची घडीही चालते.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची बिनगिअरची, मडगार्ड-कॅरिअर असलेली जुनी सायकल आहे. ती ट्रेनरवर लावता येईल का? — एक वाचक, निगडी

उत्तर : ओढूनताणून लावता येईल, पण लावू नये. तिचा आस नटांचा असतो, स्टँड आणि कॅरिअरच्या पट्ट्या त्याच नटांखाली अडकवलेल्या असतात, आणि ट्रेनरचा चिमटा तिथे नीट बसत नाही. शिवाय गिअर नसल्याने खटक्याचा ट्रेनर घेऊनही फारसा वाव मिळणार नाही. त्याच पैशांत जुनी पण चालू स्थितीतली जिममधली स्पिन बाइक मिळत असेल तर ती पाहावी. घेताना पेडलच्या दांड्याला बाजूला हलवून खेळ आहे का ते तपासावे. वडिलांची सायकल मंडईत जायला ठेवावी.