‘बाईच हवी’ म्हटलं तर चुकतं का?

लैंगिक अत्याचारातून गेलेल्या बायकांशी बोलण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. पहिल्या भेटीत एक शंका इतक्यांदा कानावर येते की आता ती येणार हे मला चेहऱ्यावरूनच कळतं. "मॅडम, समोर बाईच हवी असं म्हटलं तर चुकतं का?" कुणी दबक्या आवाजात विचारते, कुणी आधी दोनदा माफी मागते. म्हणून आज मीराबद्दल लिहिते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि लिहायला तिची परवानगी आहे.

मीरा एका मदत केंद्रातलं समुपदेशन अर्धवट सोडून माझ्याकडे आली होती. तिथे तिला पुरुष समुपदेशक मिळाले होते. "ते फार सज्जन होते हो," हे तिने पहिल्या दहा मिनिटांत तीनदा सांगितलं. "कधी नको ते विचारलं नाही. पण दोन भेटींत मी नाव-पत्त्यापलीकडे बोललेच नाही. तिसऱ्यांदा गेलेच नाही. मी आता सगळ्या पुरुषांचा द्वेष करायला लागले की काय?"

"भावाशी बोलता?"

"रोज."

"मग द्वेषाचं राहू द्या बाजूला. त्या खोलीत काय व्हायचं ते सांगा."

ती बराच वेळ पर्सची चेन उघडत-मिटत राहिली. मग म्हणाली, "ते पेन उचलायला पुढे वाकले की माझी मान ताठ व्हायची. त्यानंतर ते काय बोलले ते मला ऐकूच यायचं नाही."

याला द्वेष म्हणत नाहीत. शरीर धोक्याच्या खुणा आपल्या पद्धतीने जपून ठेवतं: आवाजाची पट्टी, खांद्यांची रुंदी, एखादा वास. समोरचा माणूस भला आहे हे बुद्धीला पटेपर्यंत शरीराने स्वतःला मिटून घेतलेलं असतं. अत्याचाराच्या क्षणीही अनेकींचं असंच होतं. ओरडता येत नाही, हलता येत नाही, आणि पुढे त्याच गोठण्याबद्दल त्या स्वतःला बोल लावतात. मदतीच्या खोलीत पुन्हा गोठल्या की तो बोल दुप्पट होतो.

मी विचारलं, "तिथे आधी तुम्हाला विचारलं नव्हतं?"

"विचारलं होतं ना, फोनवर. ‘पुरुष समुपदेशक आहेत, चालेल ना?’ मी म्हटलं, चालेल."

त्या दिवशी मी ते वाक्य तसंच सोडून दिलं. त्यातलं मर्म मला चौथ्या भेटीत कळलं, तेही मीरामुळे. बाहेर कुणी मोठ्याने बोलत होतं म्हणून मी उठले आणि म्हटलं, "दार लावते, चालेल ना?" ती लगेच "हो" म्हणाली. कडीवर हात ठेवून मी मागे पाहिलं तर तिची मान ताठ झाली होती. पुरुष नव्हता, पेन नव्हतं, मीच होते.

दार उघडं ठेवून मी परत येऊन बसले. म्हटलं, "उघडं असू दे, अर्धं लावू, की पूर्ण लावू?"

ती गप्प. मी काही बोलले नाही. मिनिटभराने म्हणाली, "अर्धं." मग, "नाही, थांबा. मला दार दिसेल अशी खुर्ची फिरवते. मग पूर्ण लावा." उठून तिने खुर्ची स्वतः ओढली. फरशीवर पाय घासून कर्कश आवाज झाला. उठसूट माफी मागणाऱ्या मीराने त्याबद्दल माफी मागितली नाही. त्या दिवशी ती सलग चाळीस मिनिटं बोलली.

"चालेल ना?" या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं. नाही म्हणायचं तर समोरच्याला दुखवावं लागतं. जिच्या "नाही"ला एकदा कुणी जुमानलं नाही, तिच्याकडून आपण गोड आवाजात पुन्हा "हो" काढून घेतो. अत्याचारात तिच्या हातून निर्णय हिसकावला गेला, तो तिच्या हातात परत देणं हाच माझ्या कामाचा पाया आहे. आठवणी, रडणं, न्याय हे सगळं त्यावर उभं राहतं. मी हे शिकायला येणाऱ्यांना कितीदा सांगितलं असेल, पण कडीवर हात असताना ते मला पुरतं उमगलं.

फक्त स्त्री कर्मचारी ठेवण्याचं धोरण मला मोलाचं वाटतं ते यासाठीच. तिथे तिला मागावंच लागत नाही. व्हँकूव्हरमध्ये १९७३ साली आणि लंडनमध्ये १९७६ साली अशी केंद्रं उघडली ती स्त्रियांनी, स्त्रियांसाठी. ब्रिटनचा २०१० चा समानता कायदा कामाची तशी खरी गरज असेल तर स्त्रीच नेमण्याची मुभा देतो. युरोपीय संघाच्या २०१२ च्या निर्देशात, सरकारी वकील आणि न्यायाधीश वगळता, लैंगिक हिंसेतल्या पीडितांचा जबाब त्यांच्याच लिंगाच्या व्यक्तीने घ्यावा असं म्हटलं आहे, मात्र "पीडिताची तशी इच्छा असेल तर". मला हे शेवटचे शब्द सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाला पुरुषाने छळलं होतं, त्याला बाईशी बोलायचं होतं. दुसऱ्याची जीभ बाईसमोर उचलत नव्हती. बाईकडूनच अत्याचार झालेल्या बायकाही असतात. केंद्र फक्त स्त्रियांचं असेल, तर इतरांना नेमकं कुठे आणि कुणाकडे पाठवायचं हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

"बाई" म्हणजे कोण, त्यात ट्रान्स स्त्रिया (जन्माच्या वेळी पुरुष मानल्या गेलेल्या, पण स्वतःला स्त्री मानणाऱ्या) धरायच्या का, यावरही अलीकडे बरेच वाद झाले. स्कॉटलंडमधल्या एडिनबरातल्या एका केंद्रात, मदत करणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष असं विचारणाऱ्या पीडितेला काय उत्तर द्यायचं, यावरून वाद पेटला. सरळ उत्तर द्यावं असं म्हणणाऱ्या कर्मचारी महिलेच्या बाजूने २०२४ मध्ये तिथल्या रोजगार न्यायाधिकरणाने निकाल दिला. माझं मत स्पष्ट आहे. पीडितेने विचारलं म्हणून कुणाचा अपमान होत नाही, तिला खरं उत्तर मिळालंच पाहिजे. आणि ट्रान्स व्यक्तींवरही अत्याचार होतात. त्यांनाही मान राखणारी, भरवशाची मदत मिळालीच पाहिजे.

केंद्र चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की पहिल्या फोनवरच "तुम्हाला कुणाशी बोलायला बरं वाटेल?" असं विचारा आणि थांबा. कारण विचारू नका. उत्तर फाइलवर लिहून ठेवा, म्हणजे तिला दर वेळी नव्याने सांगावं लागणार नाही. दुभाषी, डॉक्टर, रात्रीचा पहारेकरी हेही विसरू नका, कारण समुपदेशक बाई असली तरी दार पुरुषाने उघडलं की कित्येक जणी तिथूनच परत फिरतात. आणि जी हे वाचते आहे तिला सांगते, बाई मागताना "ते चांगले आहेत, पण" अशी सुरुवात करायची गरज नाही.

मीराने एक वैद्यकीय तपासणी कित्येक महिने टाळली होती. तिने माझ्याच खोलीतून फोन लावला. पलीकडून आवाज आला, "डॉक्टर पुरुष आहेत, चालतील ना?"

मीराने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या कागदाकडे पाहत राहिले.

"नाही. बाई डॉक्टर कधी असतात?"

"बुधवारी."

"मग बुधवारी माझं नाव लिहा."

कुणी कारण विचारलं तर काय सांगायचं, हे आम्ही आधी ठरवून ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही.