नवरा-बायकोने एकमेकांच्या खर्चावर मर्यादा घालावी का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघेही नोकरी करता, मिस्टरांचा पगार ६८,००० आणि तुमचा ४२,०००. पिंपरीत फ्लॅट घेतला, त्याचा हप्ता ३१,०००. तेव्हापासून मिस्टरांनी नियम केला की २,००० रुपयांच्या वरचा खर्च तुम्ही आधी विचारून करायचा. धाकट्या दिराची फी आणि मित्रांबरोबरचा खर्च मात्र ते न विचारता करतात. गेल्या महिन्यात तुम्ही आईला ५,००० पाठवले आणि घरात आठवडाभर अबोला झाला. मर्यादा असावी का आणि किती असावी, असं तुम्ही विचारलंय.

मर्यादा असावी. एवढा हप्ता डोक्यावर असताना कुणीतरी हात आखडायला सांगणारच, आणि त्यांची काळजी खोटी नाही. पण नियम दोघांना सारखाच लागू हवा. एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने परवानगी द्यायची, ही रीत दोन कमावत्या माणसांच्या घरात टिकत नाही.

मी बँकेच्या शाखेत काम करते. नोव्हेंबर २०१६ मध्ये ५०० आणि १,००० च्या नोटा बंद झाल्या तेव्हा बायका तांदळाच्या डब्यातले, साडीच्या घडीतले पैसे घेऊन काऊंटरवर आल्या होत्या. गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरले तर चौकशी होणार नाही, असं सरकारने सांगितलं होतं. तरी त्या घाबरलेल्या होत्या, आणि सरकारपेक्षा घरच्यांना जास्त. 'ह्यांना कळवू नका' हे वाक्य त्या दिवसांत मी फार ऐकलं. वर्षानुवर्षं काटकसर करून साठवलेला स्वतःचा पैसा त्यांना चोरीच्या मालासारखा लपवावा लागत होता. जिथे प्रत्येक खर्चाला विचारावं लागतं तिथे माणूस हळूहळू सांगणंच बंद करतो. तुम्ही त्या वाटेने जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता आकडे. दोघांचे पगार एका सामायिक खात्यात जमा होतील आणि घरखर्च त्यातूनच चालेल, असं मी धरलंय. हप्ता ३१,०००. किराणा, दूध, भाजी, गॅस १५,०००. मेंटेनन्स, वीज, मोबाइल, इंटरनेट ६,५००. मुलीची शाळा आणि रिक्षा ९,०००. पेट्रोल ५,०००, मावशींचा पगार ३,०००, विम्याचे हप्ते ४,०००. हे झाले ७३,५००. हप्त्याचा आकडा तुम्ही दिलेला आहे, बाकीचे आकडे मी अंदाजाने धरलेत, ते तुमच्या घराप्रमाणे बदला. यात बहुतेक घरं एक ओळ विसरतात, आणि भांडणं नेमकी तिथून सुरू होतात: दिवाळी, लग्नातले आहेर, गावची जत्रा, गाडीचा विमा, जूनमधली वह्या-पुस्तकं. हे खर्च अचानक येत नाहीत, दरवर्षी येतात. त्यांच्यासाठी महिन्याला ८,००० वेगळ्या आरडीत, म्हणजे दरमहा ठराविक रक्कम भरायच्या ठेवीत, टाका. बचत १२,०००. एकूण ९३,५००. तुमच्या १,१०,००० पैकी उरतात १६,५००.

या १६,५०० मधून पहिल्यांदा दोन्हीकडच्या आईवडिलांसाठी ३,०००-३,००० काढा. मिस्टरांनी दिराची फी त्यांच्या वाट्यातून द्यावी, तुम्ही आईला तुमच्या वाट्यातून. गरज मोठी असेल तर आकडा वाढवा, पण तो हिशेबात लिहिलेला असू दे. लग्न झालेल्या मुलीने आईला पैसे पाठवणं ही मेहेरबानी नव्हे. १९८७ साली कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वतःचं उत्पन्न असलेल्या मुलीवरही आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते, तिचं लग्न झालं असलं तरी. मुलगा पाठवतो ते कर्तव्य आणि मुलगी पाठवते ते माहेरचे लाड, हा फरक आता घरातूनही जायला हवा.

मग दोघांना हातखर्चाचे ४,०००-४,०००. दोघांना सारखे. त्याचा हिशेब कुणी कुणाला द्यायचा नाही. त्यांनी मित्रांबरोबर उडवले किंवा तुम्ही साडी घेतली, प्रश्न नाही. उरलेले २,५०० खात्यात राहू देत, कुठल्या ना कुठल्या महिन्यात लागतातच. विचारायची मर्यादा फक्त सामायिक खात्याला: ५,००० च्या वरची वस्तू दोघांनी बोलून घ्यायची. औषधपाणी आणि शाळा यातून वगळा, दवाखान्याच्या दारात कुणाला फोन करून विचारायची वेळ येऊ नये. खातं दोघांच्या नावावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने उघडा, म्हणजे एकाच्या सहीवरही व्यवहार होतो.

'मी जास्त कमावतो, मग हातखर्च सारखा का?' हा प्रश्न येणार. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ त्यात गेला, पुरुषांचा ९७ मिनिटांचा. तुमच्या घरात डबे कोण भरतं, मुलीला ताप आला की रजा कोण टाकतं, हे त्यांना शांतपणे विचारा. पगाराच्या स्लिपवर हे काम दिसत नाही, पण ते काम आहे.

बोलायला बसाल तेव्हा भांडणाच्या रात्री बसू नका, सासूबाईंसमोर तर मुळीच नको. पगार झाल्यावरचा रविवार बरा. दोघांनी आपापल्या फोनमधल्या तीन महिन्यांच्या यूपीआयच्या नोंदी काढायच्या आणि प्रत्येकाने स्वतःच्याच वाचायच्या. दुसऱ्याच्या नोंदीवर बोट ठेवायचं नाही. दोनशे-तीनशेच्या नोंदींची बेरीज पाहिली की माणूस आपोआप मवाळ होतो.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की डाउन पेमेंटसाठी तुमच्या पाटल्या मोडल्या. त्यावर मला थांबावंसं वाटलं. पाटल्या तुमचं स्त्रीधन होत्या. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की स्त्रीधन ही बायकोची एकटीची मालमत्ता असते. अडचणीत नवरा ते वापरू शकतो, पण ते किंवा त्याची किंमत परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर राहते. भांडण काढा असं मी म्हणत नाही. फ्लॅटच्या करारनाम्यात तुमचं नाव मालक म्हणून आहे का, एवढं मात्र याच आठवड्यात पाहा. कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून सही केली म्हणजे घराची मालकी मिळत नाही. फेडायची जबाबदारी मात्र पूर्ण येते. अशा बायका मी काऊंटरवर पाहते आणि फार वाईट वाटतं. तुमचा पगार आणि तुमचं सोनं त्या घरात गेलंय, तर तुमचं नाव तिथे असायलाच हवं.

तुमच्या लिहिण्यावरून मिस्टर घाबरलेले वाटतात, दुष्ट नाहीत. पण वाचणाऱ्या कुणाचं एटीएम कार्ड काढून घेतलं असेल, पगार परस्पर वळवला जात असेल, औषधालाही पैसे मिळत नसतील, तर तो बजेटचा वाद राहत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

आणि मिस्टरांनी सगळं एकत्र करायला नकार दिला तर? मग घरखर्च पगाराच्या प्रमाणात वाटा. ९३,५०० पैकी तुमचे ३५,७०० आणि त्यांचे ५७,८०० सामायिक खात्यात. तुमच्याकडे उरतील ६,३००, त्यांच्याकडे १०,२००. मला ही पद्धत कमी आवडते, कारण यात तुमच्या घरकामाची किंमत धरलेलीच नाही. पण एकतर्फी २,००० च्या नियमापेक्षा ती कितीतरी बरी. त्या ६,३०० मधले आईचे ३,००० पगाराच्या दिवशी आपोआप जातील अशी सूचना बँकेत देऊन ठेवा. मिस्टरांना आधी सांगा, परवानगी मागू नका.