कडेवर नाव नाही, मग पदक कोणाचे?

प्रश्न : नाण्यांच्या प्रदर्शनात दुसऱ्या महायुद्धातले एक ब्रिटिश पदक घेतले. फीत हिरवी, मधे रुंद नारिंगी पट्टा, त्यावर पानांची छोटी चंदेरी डहाळी टाचलेली. विक्रेता म्हणाला, ‘हवाई हल्ल्यांच्या काळातल्या वॉर्डनचे, म्हणजे नागरी संरक्षणातल्या स्वयंसेवकाचे, शौर्यपदक आहे.’ पण त्यावर नाव कुठेच नाही. हे खरे आहे का? मूळ मानकरी सापडेल का?

उत्तर : पदक शौर्याचे नाही, सेवेचे आहे. याचे नाव ‘डिफेन्स मेडल’. ब्रिटनमध्ये नागरी संरक्षणात तीन वर्षे काम केलेले स्वयंसेवक त्याला पात्र होते. फितीतला नारिंगी रंग आगींचा, हिरवा तिथल्या भूमीचा, आणि हिरव्यातल्या दोन बारीक काळ्या रेघा ब्लॅकआउटच्या. ब्रिटनने ही पदके नाव न कोरताच दिली, तेव्हा कोरी कड पाहून नकली समजू नका.

खरा प्रश्न त्या डहाळीचा आहे. ती लॉरेलची आणि चांदीची असेल, तर ती ‘किंग्ज कमेंडेशन फॉर ब्रेव्ह कंडक्ट’ या धाडसाबद्दलच्या नागरी सन्मानाची खूण. ओकचे कांस्य पान असेल, तर ते सैनिकांचे. त्याची जागा ‘वॉर मेडल’च्या फितीवर. भिंगातून नीट पाहा. अर्थात डहाळी वेगळी मिळते आणि कोणीही टाचू शकतो, म्हणून तेवढ्यावर शौर्य सिद्ध होत नाही.

याहून वरचे सन्मान म्हणजे २४ सप्टेंबर १९४० रोजी सुरू झालेले जॉर्ज क्रॉस आणि जॉर्ज मेडल. तिथे नाव कोरलेले असते : क्रॉसच्या पाठीवर, मेडलच्या कडेवर. इंग्लंडमधल्या ब्रिडलिंग्टनच्या बचाव पथकातले थॉमस अल्डरसन यांच्या क्रॉसची घोषणा ३० सप्टेंबर १९४० च्या ‘लंडन गॅझेट’ या सरकारी राजपत्रात आहे, कामगिरीच्या वर्णनासह. कमेंडेशनच्या यादीत मात्र बहुधा नाव, काम आणि गाव एवढेच मिळते. जिवावर उदार झालेल्या माणसाची नोंद एका ओळीत संपते, याची हळहळ वाटते.

नुसत्या पदकावरून नाव निघणार नाही. विक्रेत्याकडे दोन गोष्टी मागा : सन्मानाचे प्रमाणपत्र आणि टपालाने आलेली पुठ्ठ्याची डबी, कारण तिच्यावर नाव-पत्ता असू शकतो. नाव हाती आले की गॅझेटचा ऑनलाइन संग्रह शोधा. जुनी छपाई संगणक चुकीची वाचतो; आडनावाने काही आले नाही तर गाव आणि ‘वॉर्डन’ हा शब्द घालून पाहा. शिफारशींचे कागद लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एचओ २५०’ या मालिकेत आहेत. कागद मिळेपर्यंत याची किंमत साध्या डिफेन्स मेडलइतकीच धरा.