राज्यघटना शिकवताना पक्षाचा शिक्का न बसता करिअर करता येतं का?

तुम्ही एलएलबी करताय, पुढे घटनाच शिकवायचीय आणि घरचे म्हणतात तोंड उघडलंस की कुठल्यातरी पक्षाचा ठरशील. मला लगेच अमेरिकेतले जेफ्री रोझेन आठवले.

हे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक, त्याआधीपासून मासिकात कोर्टावर लिहायचे आणि चांगलं रोखठोक लिहायचे, म्हणजे मत नसलेला माणूस अजिबात नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्याशी तर इतकी मैत्री की 2017 मध्ये रोझेन यांचं लग्न गिन्सबर्गनीच लावलं. आता गिन्सबर्ग म्हणजे उदारमतवाद्यांचं दैवत, त्यामुळे शिक्का बसायला एवढं पुरेसं होतं.

पण 2013 ला ते फिलाडेल्फियाच्या नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटरचे अध्यक्ष झाले. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, 1988 मध्ये कायदा करून या संस्थेला पक्षनिरपेक्षपणे घटना शिकवायचं काम दिलंय. 2015 मध्ये त्यांनी ऑनलाइन घटना सुरू केली, म्हणजे अमेरिकेची घटना कलमावार निबंधांसकट इंटरनेटवर, ती मला सगळ्यात भारी वाटते. एकेका कलमासाठी दोन अभ्यासक घ्यायचे, एक उजव्या विचाराचा एक डाव्या, आणि आपापलं मत मांडायच्या आधी दोघांनी मिळून एक निबंध लिहायचा, दोघांना मान्य आहे तेवढाच. बंदुकीच्या हक्काची दुसरी घटनादुरुस्ती घ्या, ज्यावरून तिथे घराघरात भांडणं होतात, तीसुद्धा नेल्सन लंड आणि अॅडम विंक्लर यांनी अशीच लिहिलीय, आधी एकत्र, मग वेगवेगळं.

दुसरं म्हणजे रोझेन सारखं सांगतात की सरकारने काय करावं हा प्रश्न बाजूला ठेवा, घटना सरकारला काय करू देते ते बघा. मला वाटतं खरी मेख इथेच आहे, स्वतःचं मत पुसायची गरज नाही, फक्त हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत.

मी रविवारी नववीच्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवते, तिथे आपल्या घटनेच्या कलम 19 वर, म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्यावर, हेच करून बघितलं. कायम वाद घालणारी दोन मुलं एका बाकावर बसवली आणि म्हटलं आधी जे पटतं ते मिळून लिहा. अख्खा तास गेला, चारच ओळी झाल्या, पण त्या चार ओळींसाठी दोघांनी 19(2) मधली बंधनांची यादी शब्द न् शब्द वाचली, जी मी दोन महिने सांगून कोणी उघडली नव्हती.