तिसरं गाणं कुणाचं?

ताई, सलाम. मी भायखळ्याची. आमच्या मराठी चर्चमध्ये चौदा वर्षं संडे स्कूल घेते. इतक्या वर्षांत कुणी दोन शब्द चांगले बोललं नाही. यंदा वर्धापनदिनाला मुलांनी तीन गाणी म्हटली. दोन माझी. तिसरं चर्चमधल्या एका मावशींनी मला लहानपणी शिकवलेलं. त्यांचंच रचलेलं. शेवटचं कडवं मला आठवेना, म्हणून मी नवं जोडलं. पाळकसाहेबांनी माईकवर तिन्ही गाणी माझीच म्हणून सांगितलं, शाल घातली, आणि मी गप्प बसले. आता ठाण्याचं एक चर्च तेच तिसरं गाणं माझ्या नावाने गीतपुस्तकात छापतंय. मावशी वसईला मुलीकडे असतात, त्यांना आता फारसं आठवत नाही. नवरा म्हणतो, देवाच्या गाण्याला नाव कशाला? उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं प्रभूनेच सांगितलंय. मला मात्र झोप नाही. नावाची हाव सुटली, हेच माझं पाप ना? संडे स्कूल, गाणी, सगळं सोडून देऊ का?

—

तुलाही सलाम.

आधी तुझ्या नवऱ्याचं बघू, कारण त्याने वचन बरोबर सांगितलं आणि लावलं चुकीच्या जागी. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला, दानाबद्दलचा तो उजवा हात ज्याचा त्याचा आहे. स्वतःचं दान स्वतः झाकावं. दुसऱ्याचा हात झाकायची परवानगी त्यात कुठे आहे? मावशींनी आपलं नाव लपवलं असतं तर ती त्यांची नम्रता झाली असती. तू लपवलंस तर ती त्यांची नम्रता होत नाही. तुझी तर नाहीच नाही.

आता हाव. तुझ्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि तू दोन्हींना एकच नाव देतेयस. चौदा वर्षं दर रविवारी घरचं आवरून, मेगाब्लॉक असला तरी वेळेवर पोचून, दुसऱ्यांच्या पोरांना सांभाळणाऱ्या बाईला कुणीतरी ‘बरं झालं तू आहेस’ म्हणावं असं वाटतं. यात पाप कसलं? मला तरी दिसत नाही. बायबलातलं प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र काढ, सोळावा अध्याय. आपण तो नेहमी चाळून पुढे जातो, कारण त्यात नुसती नावं आहेत, तीसेक तरी. फिबीपासून सुरुवात. कुणी कष्ट घेतले, कुणी जीव धोक्यात घातला, पौल एकेकाचं नाव घेऊन सांगतो. आणि बाविसावी ओळ तर मला फार आवडते. पत्र पौल सांगत होता, लिहून घेत होता तर्तियस नावाचा माणूस. तो मध्येच म्हणतो, हे पत्र लिहिणारा मी तर्तियस, माझाही सलाम. एवढीच ओळ. पौलाने ती खोडली नाही.

‘पत्र माझं आहे’ असं मात्र तर्तियस म्हणाला नाही.

आपल्या मराठी भक्तीतही नावाचं वावडं कधी नव्हतं. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येतं, ‘नामा म्हणे’ येतं, दळणकांडण करणारी जनीसुद्धा आपलं नाव घालते. आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक, त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली इथेच मुंबईत झाला. त्यांची भजनं आपण उपासनेत गातो, त्यांत ते स्वतःला ‘दास’ म्हणवतात. पण दास ही सहीच आहे. या ओळींचा जबाब मी देईन, असं ती सही सांगते. म्हणून मला तिसऱ्या गाण्यावरच्या तुझ्या नावाची काळजी वाटते. त्या कडव्यांचा जबाब तू कुठून देणार?

दुसरी गोष्ट ती गप्प बसण्याची. इथे तुला हनन्या आणि सप्पीरा आठवले असणार, दानाबद्दल खोटं बोलून जागीच मेलेलं ते बायबलातलं जोडपं (घाबरू नकोस, तू काही जागच्या जागी कोसळणार नाहीस). आपण ही गोष्ट मुलांना शिकवतो ती ‘देवाचे पैसे चोरू नयेत’ म्हणून. पण ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तिच्या आधीच्याच ओळी वाच. बर्णबाने शेत विकून सगळे पैसे आणून दिले आणि त्याचं नाव झालं. लगेच पुढे हे जोडपं. थोडे पैसे मागे ठेवले आणि सगळेच दिले असं भासवलं. प्रेषित पेत्र त्यांना काय म्हणतो? जमीन तुमचीच होती, विकल्यावर पैसेही तुमच्याच हातात होते. म्हणजे अर्धे देऊन ‘अर्धे दिले’ म्हणाले असते तर कुणी काही बोललं नसतं. त्यांना बर्णबाएवढं नाव हवं होतं, बर्णबाएवढं न देता.

तुझीही अडचण नेमकी तेवढीच आहे. दोन गाणी आणि एक कडवं, एवढं तुझं. त्याला मान मिळाला तो खरा. राहिलेल्या कडव्यांपुरताच घोटाळा आहे.

तेव्हा आधी पाळकसाहेबांना भेट, कुणालाही सांगण्यापूर्वी. ते माईकवर बोलले ते भाबडेपणाने. ग्रुपवर वाचून त्यांना कळलं तर ते बरं दिसणार नाही. मग ठाण्याला फोन कर आणि छपाईला जाण्याआधी नाव बदलून घे. मावशींचं नाव घालायला त्यांच्या मुलीला विचार. पुस्तकात असं येऊ दे: रचना मावशींची, शेवटचं कडवं तुझं. ते कडवंही मावशींना देऊन टाकायचा मोह होईल. देऊ नकोस, तेही खोटंच.

चर्चच्या ग्रुपवर तीन ओळी पुरे. ‘तिसरं गाणं माझं नाही, मावशींचं आहे. मी फक्त शेवटचं कडवं जोडलं. सत्काराच्या वेळी हे सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.’ इथे थांब. येत्या रविवारी माईक घेऊन डोळ्यांत पाणी आणून साक्ष देऊ नकोस. आपल्या मंडळींना अशी साक्ष फार भावते. लोक उठून मिठ्या मारतील, ‘केवढं धैर्य’ म्हणतील, आणि त्या एका गाण्यावर तुझा दुसऱ्यांदा सत्कार होईल.

शाल परत करू नकोस. मावशींच्या खांद्यावर नेऊन घालू नकोस, तो सिनेमा झाला. मुंबईत शाल लागते कुणाला, ठेव कपाटात.

सगळं सोडून देण्याचं म्हणशील, तर ते मला रागाने लिहिलेलं वाटलं, पश्चात्तापाने नाही. मी हा राग ओळखते. एका स्मरणिकेतल्या माझ्या लेखाखाली कमिटी नाव छापायला विसरली होती, तर मी चार महिने त्यांच्या चहाला गेले नाही. वर ‘मला कुठे नाव हवंय’ असं सगळ्यांना सांगत फिरले! तू निदान हवंय म्हणून कबूल केलंस. आता तेच कमिटीलाही सांग, सरळ आवाजात: चौदा वर्षं एकटी घेतेय, सोबतीला माणूस द्या, आणि वार्षिक अहवालात संडे स्कूलवर चार ओळी लिहा.

वसईला मात्र याच आठवड्यात जा. दादरला बदलून विरार पकडायची, दुपारी गर्दी कमी असते. मावशींना कबुलीजबाब ऐकवत बसू नकोस, त्यांना तो झेपणार नाही. त्यांच्याजवळ बसून गाणं म्हण, पहिल्या कडव्यापासून. तुझ्या कडव्याच्या आधी जरा थांब. त्यांचं जुनं कडवं निघतंय का बघ, आणि निघालं तर ठाण्याला पुन्हा फोन करावा लागेल.