कृष्णविवराचे गॅमा किरण आणि पदवीची निवड

प्रिय विद्यार्थिनी,

कृष्णविवराकडे ओढल्या जाणाऱ्या पदार्थातून निघणाऱ्या गॅमा किरणांवर तुला संशोधन करायचं आहे. सापेक्षतावादाचं गणित झेपेल का आणि आईबाबा विचारतात तसं पोटापाण्याचं काय, हे तुझे दोन प्रश्न.

गणिताची धास्ती सोड. या कामाची खरी अवघड बाजू वेगळी आहे. हंस तारकासमूहातलं सिग्नस एक्स-1 हे सूर्याच्या सुमारे 21 पट वस्तुमानाचं कृष्णविवर शेजारच्या ताऱ्याचा वायू खेचतं. तो वायू चकतीसारखा फिरत आत सरकतो, घर्षणाने कोटभर अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण सोडतो. चकतीलगतच्या विरळ वायूचं तापमान अब्ज अंशांच्या घरात असतं. तिथल्या वेगवान इलेक्ट्रॉनांकडून ऊर्जा मिळून काही फोटॉन (प्रकाशकण) गॅमा किरणांच्या उंबरठ्यावर पोचतात. पण 2011 मध्ये गॅमा किरण टिपणाऱ्या इंटेग्रल उपग्रहाच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र केल्यावर दिसलं की सर्वांत जास्त ऊर्जेचे किरण ठळकपणे ध्रुवीकृत आहेत, म्हणजे त्यांची कंपनं बरीचशी एकाच दिशेतली आहेत. विरळ वायूत विखुरलेल्या किरणांत अशी शिस्त उरत नाही, म्हणून ते बहुधा कृष्णविवराजवळून बाहेर फेकल्या जाणाऱ्या पदार्थाच्या झोतातून येतात. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो.

त्यासाठी इतकी वर्षं का लागली? हे किरण भिंगाने एकवटता येत नाहीत. छिद्रं असलेल्या जाड पत्र्याची सावली डिटेक्टरवर (किरण टिपणाऱ्या उपकरणावर) पडते आणि तिच्यावरून आकडेमोडीने आकाशाचं चित्र उभं करावं लागतं. शिवाय वैश्विक किरणांमुळे, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांमुळे, होणाऱ्या नको त्या नोंदी खऱ्या फोटॉनांपेक्षा कितीतरी जास्त असतात. त्या वेगळ्या काढणं हेच रोजचं काम.

म्हणून पदवीला भौतिकशास्त्र घे. सोबत संख्याशास्त्र आणि पायथन ही संगणकभाषा पक्की कर. डिटेक्टर बनवण्यात जीव रमत असेल तर इलेक्ट्रॉनिक्सचा रस्ताही इथेच येतो.

आईबाबांना स्पष्ट सांग: पीएचडीला बरीच वर्षं जातात आणि संशोधनातल्या कायम जागा मोजक्याच असतात. मात्र डिटेक्टर हाताळणारी माणसं वैद्यकीय प्रतिमांकनात लागतात आणि विदा (डेटा) विश्लेषण येणाऱ्यांना इतर क्षेत्रांतही काम मिळतं.

निर्णयाआधी एक कर. 2008 पासून पृथ्वीभोवती फिरणाऱ्या फर्मी या गॅमा किरण दुर्बिणीची विदा सर्वांना मोफत मिळते. त्यातून 3सी 279 या, केंद्रात कृष्णविवर असलेल्या दीर्घिकेच्या नोंदी उतरवून घे आणि तिची तेजस्विता महिन्यागणिक कशी बदलते याचा आलेख काढ. पार्श्वभूमीच्या नको त्या नोंदी वजा करताना कंटाळा आला की उत्सुकता वाढली, ते मला कळव. मग कोणता अभ्यासक्रम घ्यायचा यावर बोलू.